गेलेल्यांच्या खोल्या

१

सकाळ झाली की त्या कचेरीत घंटी वाजायला लागायची. घंटी कसली, कॉम्प्युटरच्या डबड्या स्पीकरमधून येणारं बारीक 'टिंग'. अमेरिकेतल्या सुपीरियर सरोवराच्या काठाने विखुरलेल्या गावांमध्ये एकटी राहणारी म्हातारी माणसं उठायची, खिडकीत ठेवलेल्या टॅबलेटवरचं मोठं हिरवं बटण दाबायची, आणि इकडे डुलुथ शहरात टिंग व्हायचं. बटणावर लिहिलेलं होतं, 'मी ठीक आहे.' ज्याचं बटण ऊन वर येईपर्यंत दाबलं जाणार नाही, त्याच्या शेजाऱ्याला मशीन आपोआप फोन करायचं, की बाबा, जरा जाऊन बघ. एवढाच धंदा. पण या धंद्याच्या जिवावर कितीतरी म्हातारे आपापल्या घरात टिकून होते.

हेल्मी लाहटीचा बाप, रेइनो, त्यातलाच एक. बापाला ती अजून फिनिश भाषेतलं 'इसा' म्हणायची. आई गेल्यावर हेल्मीने त्याला शहरात आणायचा चंग बांधला होता. म्हातारा बधला नाही. "माझी वाफेची सौना इथे, माझी लाकडं इथे, तुझ्या त्या तिसऱ्या मजल्यावर येऊन मी काय लिफ्टची बटणं दाबू?" शेवटी तह झाला. रोज सकाळी हे एकच बटण दाबायचं, आणि ज्या दिवशी चुकेल त्या दिवशी गाठोडं बांधायचं. तेव्हापासून तो एकदाही चुकला नव्हता. हेल्मीही त्याच्या टिंगशिवाय कॉफीला हात लावत नसे.

हा प्रोग्रॅम लिहिला होता हेल्मीनेच. मशीनं सांभाळायची आणि गिऱ्हाइकांची खाती उघडायची-मिटायची, हे काम ड्युएनचं. ड्युएन मोठ्या पोटाचा, मोठ्या आवाजाचा गडी. कचेरी होती एका जुन्या मासळीच्या गोदामात, आणि सर्व्हर ठेवले होते मागच्या, बिनखिडकीच्या, एके काळी बर्फ साठवायच्या खोलीत. उन्हाळ्यातसुद्धा त्या खोलीत पाय ठेवला की अंगावर शहारा यायचा.

त्या हिवाळ्यात प्रोग्रॅम पडायला लागला.

२

पडायला म्हणजे, सकाळची टिंगटिंग ऐन भरात असताना एकदम शांतता. मग मागच्या खोलीतले पंखे जोरात घोंघावायला लागायचे. प्रोग्रॅम मेला की मशीन त्याच्या सगळ्या मेमरीचा जसाच्या तसा ठसा काढून ठेवतं, त्याचा तो आवाज. ठसा निघाला की प्रोग्रॅम पुन्हा सुरू व्हायचा, पण त्या सकाळी आलेली बटणं पुसली गेलेली असायची. मग व्हायचं काय, तर मशीनला वाटायचं की कुणीच ठीक नाही, आणि ते किनाऱ्यावरच्या झाडून सगळ्या शेजाऱ्यांना फोन करत सुटायचं.

"हेल्मी, पुन्हा उगाच हेलपाटा घातलास हं मला," रेइनोची शेजारीण मार्लिस फोनवर वैतागायची. "गुडघाभर बर्फातून गेले. तुझा बाप सॉसपॅन घासत उभा. मला म्हणतो, आलीच आहेस तर कॉफी पी."

"सॉरी गं, मार्लिस. शोधतेय काय झालंय ते."

"शोध बाई लवकर. माझे गुडघे काही तुझ्या कंपनीने दिलेले नाहीत."

मागून रेइनोच्या कॉफीच्या भांड्याचा खदखदाट ऐकू यायचा. आईच्या वेळचं जुनं विजेचं भांडं होतं ते, कॉफी वर उसळून झाकणाच्या काचेवर आपटायची. बापाला फोन करावा आणि तो आवाज मागे नसावा, असं हेल्मीला कधी आठवत नव्हतं.

तिने ठसा उघडून वाचायला घेतला. हे काम म्हणजे पडक्या लॉजची झडती घेण्यासारखं. प्रोग्रॅम मेमरीत प्रत्येक गिऱ्हाइकाला एक खोली देतो, तिथे त्याचं नाव, शेजाऱ्याचा नंबर आणि आजचं 'ठीक आहे' ठेवतो. खातं बंद झालं की खोली रिकामी होते आणि दुसऱ्याला मिळते. कधी कधी प्रोग्रॅमचाच एखादा भाग जुन्या खोलीची किल्ली परत करायला विसरतो. तो येतो, नव्या भाडेकरूच्या सामानावर आपलं काहीतरी खरडून जातो, आणि पुढे भलत्याच ठिकाणी प्रोग्रॅम ठेचकाळून मरतो. मेला तिथे घाव नसतो, घाव झाला तिथे मेलेला नसतो. म्हणून तर असली चूक शोधणारा अर्धा वेडा होतो.

खरडलेली खोली तिला सापडली. ती वॉल्टर नावाच्या एका निवृत्त रेल्वेवाल्याची होती. त्याच्या नावावर दुसरंच काही लिहिलेलं होतं.

ओल्गा स्टेनबर्ग. मी ठीक आहे.

३

"ओल्गा?" ड्युएनने खुर्ची वळवली. "ती तर पानगळीतच गेली. मी स्वतः खातं बंद केलं तिचं. लेकीने रडत रडत फोन केला होता."

"हं. म्हणजे तिच्या खोलीची किल्ली कुठेतरी अडकून राहिलीय."

"पण त्यानंतर प्रोग्रॅम दहादा मेला असेल. दर वेळी नव्याने सुरू होतो तेव्हा चालू खातीच वर येतात ना? बंद खात्याचं नाव मेमरीत येईलच कसं?"

हेल्मीला हे सुचलं नव्हतं असं नाही. ते सुचलं होतं, म्हणूनच ती ड्युएनशी बोलायला आली होती. "कुठल्यातरी जुन्या फायलीतून येत असेल," ती म्हणाली. "मशीनला भूत लागत नाही, ड्युएन. आपणच काहीतरी घाण करून ठेवलेली असते."

"ते खरं. माझ्या दोन्ही लग्नांचा अनुभव तोच आहे."

दोघं हसली. आठवडा उलटला असेल-नसेल, ड्युएन डोनटचा खोका टेबलावर ठेवत म्हणाला, "वॉल्टरचं खातं बंद करायचंय. गेला बिचारा. झोपेतच."

हेल्मीने एक डोनट उचलला. म्हातारी माणसं मरतात. तिची सगळी गिऱ्हाइकंच म्हातारी. टोपलीतल्या कुठल्याही सफरचंदावर बोट ठेवलं तरी ते कधीतरी सडणारच, त्यात बोटाचा काय दोष? तरी ड्युएन जेवायला गेल्यावर तिने जुने ठसे उघडले. प्रत्येकात एक खरडलेली खोली होती. खोली जित्या माणसाची, आणि खरडलेलं नाव कुणातरी गेलेल्या माणसाचं. ज्याची खोली खरडली जाई, तोच पुढच्या एखाद्या ठशात खरडणारा असे.

तिने स्क्रीन बंद केली आणि ती खिडकीशी जाऊन उभी राहिली. बंदरात मालवाहू जहाजं हिवाळ्यासाठी नांगरून पडली होती, त्यांच्या दोरांवर बर्फ धरलं होतं.

पुढच्या वेळी प्रोग्रॅम पडला तेव्हा तिने लगेच ठसा उघडला. खोली रेइनो लाहटीची होती. वर लिहिलं होतं, वॉल्टर. मी ठीक आहे.

४

"इसा, तू बरा आहेस ना?"

"का? बटण दाबलंय मी."

"माहितेय. सहज विचारलं."

"सहज म्हणे. तुझ्या आईचा आवाज असाच व्हायचा, खोटं बोलताना." मागे कॉफी खदखदत होती. "लाकडं फोडली आज. शनिवारी ये, सौना तापवतो. माशाचं सूपही करीन."

"येते."

ती गेली नाही. शनिवारी ती कचेरीत कुंपण घालत बसली होती. कुंपण म्हणजे त्यांच्या धंद्यातली एक युक्ती. प्रत्येक खोली अशी मांडायची की कुणी भलत्याने पाऊल टाकलं की जागच्या जागी पकडला जाईल. प्रोग्रॅम त्याने मंदावतो, पण चोर मुद्देमालासकट सापडतो. आणि नेहमीचंच झालं. कुंपण घातल्याबरोबर प्रोग्रॅम शहाण्या बाळासारखा चालायला लागला. दाताच्या डॉक्टरच्या दारात दात दुखायचा थांबतो, तसं.

बऱ्याच दिवसांनी, तिने आशा सोडली तेव्हा, कुंपणात एक पाऊल अडकलं.

पाऊल अडकलं की माग काढता येतो. हे कुणी लिहिलं, त्याला कुणी सांगितलं, त्याला कुणी, असं मागे मागे जात शेवटी एखाद्या घरातल्या बोटापाशी पोचता येतं. हेल्मी मागे मागे गेली. प्रत्येक पायरी तिच्या ओळखीची होती, तिनेच लिहिलेली. शेवटच्या पायरीमागे घर असायला हवं होतं, तिथे काहीच नव्हतं. फोनची लाइन नाही, टॅबलेट नाही. लिहिणारा आधीपासून आतच होता.

'मागही खराब झाला असणार,' तिने स्वतःला सांगितलं. 'मेमरी बिघडली की मागही बिघडतो. पहिल्या वर्षाच्या पोरालाही हे ठाऊक असतं.' ते खरंही होतं. पण मागच्या खोलीचं दार उघडं होतं, आणि ते आपण लावून घेतलं होतं अशी तिची पक्की समजूत होती. ती उठून लावायला गेली नाही.

५

चोर सापडत नसेल, आणि घर तर वाचवायचं असेल, तर या धंद्यातली माणसं एक लबाडी करतात. चोराला हात न लावता त्याच्यासाठी ओसरी बांधून देतात. तू इथे काय ते खरड, आमच्या माजघरात येऊ नकोस. कुठल्याही शहाण्या प्रोग्रॅमरला याची लाज वाटते, आणि प्रत्येकाने हे कधी ना कधी केलेलं असतं.

हेल्मीने तेच केलं. बंद खाती पुसायची नाहीत. प्रोग्रॅम सुरू होताना गेलेल्यांनाही मेमरीत घ्यायचं, आणि प्रत्येकाला आपली आपली खोली द्यायची, कायमची.

ड्युएनने वाचून पाहिलं आणि भुवया चढवल्या. "मेलेल्यांना खोल्या देतेयस तू."

"त्यांच्या किल्ल्या त्यांच्याच दाराला लागू देत. जित्यांच्या खोल्या वाचतील."

"आणि चूक?"

"चूक राहील. पण पडणार नाही कुणी."

"अगं पण..." ड्युएनने डोकं खाजवलं. "जाऊ दे. मार्लिसचे गुडघे वाचतील."

प्रोग्रॅम पडायचा थांबला. सकाळी टिंगटिंग सुरू व्हायची आणि सरळ शेवटापर्यंत जायची. शेजाऱ्यांच्या तक्रारी थांबल्या. हेल्मीने गेलेल्यांच्या खोल्यांवर लक्ष ठेवायला स्क्रीनच्या कोपऱ्यात एक लहान चौकट करून घेतली, सहज. रोज सकाळी, पहिल्या जित्या माणसाच्याही आधी, त्यात अक्षरं उमटायची. आधी ओल्गा. मग बाकीचे, ज्या क्रमाने गेले त्या क्रमाने. मग वॉल्टर. मी ठीक आहे. मी ठीक आहे. जित्यांपेक्षा ही मंडळी वक्तशीर होती.

तिने ड्युएनला सांगितलं नाही. अडकलेली किल्ली आहे, ती म्हणायची. निरुपद्रवी आहे. आणि मनातून तिला केवढं हलकं वाटत होतं! रेइनोची खोली स्वच्छ होती, स्क्रीनवर त्याच्या नावासमोरचा दिवा हिरवा लागत होता. आपण बापाला वाचवलं असं तिला वाटत होतं, पण हे वाटणं तिने शब्दांत कधी येऊ दिलं नाही.

६

त्या सकाळी बाहेर बर्फ पडत होतं. रेइनोचं टिंग झालं, दिवा हिरवा झाला. हेल्मीने कॉफीचा मग उचलला, तोंडाला लावला, आणि दोन-तीन दिवसांनी प्रथमच तिची नजर कोपऱ्यातल्या चौकटीवर गेली.

वॉल्टरच्या खाली एक खोली वाढलेली होती.

रेइनो लाहटी. मी ठीक आहे.

"ड्युएन, इसाचं खातं तू बंद केलंस?"

"वेड लागलंय का? मी कशाला करू?"

तिने बापाची खरी खोली उघडली, जित्यांमधली. ती कोरी होती. तिथे आज कुणी काही लिहिलेलं नव्हतं. कालही नव्हतं, परवाही. दिवा मात्र तिन्ही दिवस हिरवा होता, कारण दिव्याला फक्त नाव कळतं. नाव कुठल्या खोलीतून आलं ते त्याला कळत नाही. आणि ते कळायला हवं, ही तजवीज ओसरी बांधताना हेल्मी विसरली होती.

तिने बापाला फोन लावला. वाजत राहिला. लाकडं आणायला गेला असेल. पुन्हा लावला. मग मार्लिसला लावला.

"जाते गं, जाते," मार्लिस म्हणाली. "चिमणीला धूर नाही खरा. फोन चालूच ठेव." बुटांखाली बर्फ करकरत होतं. "पावलं पण नाहीत अंगणात... रेइनो! अरे रेइनो!" दार उघडल्याचा आवाज आला, तिकडे दारांना कुलूप कुणी लावत नाही. मग बराच वेळ नुसता श्वास.

"मार्लिस?"

"हेल्मी, बाळा, खाली बस तू."

रेइनो शेगडीपाशी पडला होता. पडला तो लगेच गेला नव्हता. शेगडीपासून खिडकीपर्यंत तो सरपटत आला होता, गालिचा त्याच्याबरोबर ओढत. हात खिडकीच्या फळीच्या दिशेने पसरलेला होता. फळीवर टॅबलेट होता, बंद पडलेला. कॉफीच्या भांड्यासाठी त्याने टॅबलेटची वायर काढून ठेवली होती.

"मला मशीनचा फोनच आला नाही गं," मार्लिस रडत म्हणाली. "आधी उठसूट यायचा. या वेळी का नाही आला?"

स्पीकरमध्ये टिंग झालं. ड्युएन आणि हेल्मी, दोघांनीही स्क्रीनकडे पाहिलं. मग ड्युएनने हात लांब करून आवाज बंद केला.

७

का नाही आला, ते हेल्मीला माहीत होतं. ओसरी नसती तर वॉल्टरचं किंवा आणखी कुणाचं खरडणं जित्यांच्या खोलीत गेलं असतं. प्रोग्रॅम पडला असता. मशीनने भांबावून सगळ्या शेजाऱ्यांना फोन केले असते आणि मार्लिस शिव्या देत, गुडघाभर बर्फातून गेली असती. तेव्हा रेइनो जिवंत होता. तो पडणारा प्रोग्रॅम हाच त्या सगळ्या कारखान्यातला एकमेव शहाणा होता, आणि त्याला तिने गप्प केलं होतं.

दफन झालं. चर्चच्या तळघरात लोकांनी कॉफी प्यायली, मार्लिसने राय धान्याचा पाव आणला होता. हेल्मी कामावर परत आल्यावर ड्युएनने तिच्यादेखत रेइनोचं खातं बंद केलं. "ओसरी मी पाडू का?" त्याने हळूच विचारलं. "तुला नको वाटत असेल तर."

"उद्या पाडते."

दुसऱ्या दिवशी ती सगळ्यांच्या आधी आली. ओल्गा, बाकीचे, वॉल्टर, आणि मग इसा. मी ठीक आहे. तिने स्क्रीनवर त्या अक्षरांवर बोट ठेवलं. काच कोमट होती, मशीनची असते तशी. "उद्या," ती म्हणाली. असे तिने किती 'उद्या' काढले ते तिचं तिला माहीत. रोज सकाळी किनाऱ्यावरचे सगळे दिवे हिरवे लागत होते, आणि त्यातल्या कुठल्या दिव्यामागे माणूस आहे हे आता सांगता येत नव्हतं. कुणाची तरी लेक कुठेतरी निर्धास्त कॉफी पीत असेल. हा विचार आला तेव्हा मात्र तिला बसवेना.

भर सकाळी, टिंगटिंग चालू असताना, तिने ओसरी पाडली. एक ओळ खोडायची होती. खोडताना ती बापाशी बोलल्यासारखं काही पुटपुटली, ते ड्युएनने ऐकलं नाही.

थोडा वेळ सगळं सुरळीत चाललं. मग शांतता झाली, आणि मागच्या खोलीतले पंखे घोंघावायला लागले. प्रोग्रॅम पडला होता. मशीनने किनाऱ्यावरच्या घराघरांत फोन लावायला सुरुवात केली. तक्रारी येऊ लागल्या. म्हातारे चिडलेले होते, शेजारी चिडलेले होते, आणि एकेकाचा आवाज ऐकून ड्युएनचे डोळे भरून येत होते. "ठीक आहे ना ती? चिडलीय? चिडू दे, चिडू दे," तो म्हणत होता.

हेल्मीचा स्वतःचा फोन वाजला. मार्लिस होती.

"हेल्मी, मला मशीनचा फोन आला." तिचा आवाज दबलेला होता. "रेइनोकडे जाऊन बघ म्हणतं. त्याचं नाव घेतलं गं त्याने."

हेल्मीने ड्युएनकडे पाहिलं. खातं बंद होतं. नंबर पुसलेला होता. बंद खात्याचं नाव वर येतच नाही.

"चूक आहे, मार्लिस," ती म्हणाली. "आमच्याकडची चूक आहे."

"मी अंगणात उभी आहे. जाऊ का आत?"

नको म्हणायला हवं होतं, हे तिला पुढेही कित्येकदा वाटलं.

"जा," ती म्हणाली.

बर्फ करकरलं. दार उघडलं. मार्लिस काहीच बोलली नाही, तिचा श्वासही ऐकू येईना. हेल्मीने फोन कानाशी गच्च धरला. लाइनमध्ये खरखर होती, हिवाळ्यात तिकडे असतेच. त्या खरखरीमागे, स्वयंपाकघराच्या बाजूने, कॉफी खदखदत होती आणि झाकणाच्या काचेवर आपटत होती.